सांगीतिक आवडीचे नकाशे वाचताना : खानदेशचे उदाहरण

५.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर प्रादेशिक आवडीचा एखादा नकाशा नेमक्या कोणत्या प्रश्नाचे उत्तर देतो, हे तुम्हाला ओळखता येईल. 'सर्वाधिक ऐकले जाणारे' आणि 'त्या प्रदेशाचे वैशिष्ट्य असणारे' यांतील फरक सोदाहरण सांगता येईल. नकाशावरील कोऱ्या जागेचा अर्थ लावताना कोणती सावधगिरी बाळगावी, हे समजेल. तसेच आपल्या गावातील गाण्यांची नोंद घेण्यासाठी साधी प्रश्नावली तयार करता येईल.

५.१ प्रास्ताविक

मागील घटकात बोलींचे नकाशे कसे तयार होतात, हे आपण पाहिले. जर्मनीत गेओर्ग वेंकर यांनी १८७६ पासून गावोगावच्या शिक्षकांकडे वाक्यांची प्रश्नावली पाठविली आणि त्या वाक्यांची स्थानिक बोलीतील रूपे मागविली. फ्रान्समध्ये झील्येराँ यांनी एदमाँ या एकाच क्षेत्राभ्यासकाला सायकलवरून सर्व देशभर फिरविले. त्यांचा भाषानकाशासंग्रह १९०२ ते १९१० या काळात प्रसिद्ध झाला. दोघांच्या पद्धती भिन्न असल्या तरी त्यांपासून मिळणारा धडा एकच आहे. नकाशावरील रेषा जमिनीवर आखलेली नसते, ती विचारलेल्या प्रश्नातून निघते. प्रश्न बदलला की रेषा सरकते.

हाच धडा प्रस्तुत घटकात गाण्यांना लावून पाहावयाचा आहे. भाषेच्या अभ्यासक्रमात गाण्याच्या आवडीचे नकाशे कशासाठी, असा प्रश्न तुमच्यापैकी काहींना पडेल. त्याचे कारण असे की, घरात बोली आणि शाळेत प्रमाणभाषा अशी विभागणी जेथे झालेली आहे, तेथे बोली बोलण्याची लाज वाटणारा तरुणही तिच्यातले गाणे वरातीत मोकळेपणाने म्हणतो. बोलीचे क्षेत्र कोठवर आहे, याचा एक पुरावा म्हणून गाण्याकडे पाहता येते. परंतु हा पुरावा फसवाही असतो.

एक अनुभव सांगतो. वर्गात मी अनेकदा विद्यार्थ्यांना कागदावर दोन प्रश्नांची उत्तरे लिहावयास सांगतो. पहिला प्रश्न : 'तुमचे आवडते गाणे कोणते?' दुसरा प्रश्न : 'तुमच्या घरच्या मागच्या लग्नात हळदीच्या रात्री कोणती गाणी म्हटली किंवा वाजविली गेली?' पहिल्या प्रश्नाला बहुतेक सर्वजण हिंदी चित्रपटगीताचे नाव लिहितात. क्वचित एखादे मराठी भावगीत येते. दुसऱ्या प्रश्नाला मात्र अमळनेर, पारोळा, शिंदखेडा या भागांतील विद्यार्थी अहिराणी गाण्यांची यादी देतात. वर्ग तोच आणि विद्यार्थीही तेच. पहिल्या उत्तरांवरून नकाशा काढला तर खानदेश उर्वरित महाराष्ट्रासारखाच दिसेल. दुसऱ्यावरून काढला तर तो वेगळा उठून दिसेल. दोहोंपैकी खोटा कोणताच नाही.

५.२ बहुसंख्येचा नकाशा आणि वैशिष्ट्याचा नकाशा

फेब्रुवारी २०१४ मध्ये अमेरिकेत पॉल लामेर या संगीत-माहितीच्या अभ्यासकाने आपल्या देशातील प्रत्येक राज्यासमोर एका कलावंताचे नाव असलेला नकाशा प्रसिद्ध केला. तो अल्पावधीत सर्वत्र पसरला आणि तितक्याच वेगाने चुकीचा वाचला गेला. 'आमच्या राज्याचा सर्वांत आवडता कलावंत हा कसा?' असे लोक विचारू लागले. प्रत्यक्षात तो नकाशा आवडत्या कलावंतांचा नव्हताच. इतर राज्यांच्या तुलनेने ज्या कलावंताला त्या राज्यात विशेष अधिक ऐकले जाते, त्याचे नाव तेथे लिहिलेले होते. लोकप्रियतेच्या यादीत जो सर्वत्र पहिला, तो अशा नकाशात कोठेच येत नाही.

हा फरक आकड्यांवरून चटकन लक्षात येतो. पुढील आकडे केवळ समजावून सांगण्यासाठी कल्पिलेले आहेत. समजा, जळगाव जिल्ह्यात फोनवर ऐकल्या जाणाऱ्या दर १,००० गाण्यांपैकी ५२० हिंदी चित्रपटगीते, २४० मराठी गाणी, ८० अहिराणी गाणी आणि १६० इतर आहेत. संपूर्ण राज्याचा विचार करता हेच प्रमाण दर हजारी ५००, ३००, ८ आणि १९२ असे आहे. आता 'सर्वाधिक काय?' असे विचारले, तर उत्तर हिंदी चित्रपटगीते. 'राज्याच्या मानाने विशेष काय?' असे विचारले, तर प्रत्येक प्रकाराच्या जिल्ह्यातील प्रमाणाला राज्यातील प्रमाणाने भागावे लागते. हिंदीचा भागाकार १.०४ येतो, मराठीचा ०.८ आणि अहिराणीचा १०. दुसऱ्या नकाशावर जळगाव अहिराणीच्या रंगाने रंगेल. रंग पाहणाऱ्याला वाटेल की जळगावकर दिवसभर अहिराणीच ऐकतात. प्रत्यक्षात हजारातील ९२० वेळा ते दुसरेच काहीतरी ऐकत आहेत.

प्रत्यक्ष हिशोबाच्या रीती याहून गुंतागुंतीच्या असू शकतात. लामेर यांनी प्रमाणांऐवजी लोकप्रियतेतील क्रमांकांची तुलना केली होती. मूळ तत्त्व मात्र हेच.

या रीतीत आणखी एक खाचखळगा आहे. समजा, सातपुड्याच्या पायथ्याच्या एखाद्या तालुक्यातून एकूण ५० गाण्यांचीच नोंद झाली आणि त्यांपैकी ५ अहिराणी निघाली. म्हणजे दर हजारी १००. भागाकार १२.५, जळगावपेक्षाही अधिक! ती पाचही गाणी एकाच घरातील एकाच मुलाने एका दुपारी लावलेली असू शकतात. म्हणून नकाशाखाली 'एकूण नोंदी किती' हे लिहिलेले नसेल, तर गडद रंगावर विसंबू नये. २०११ च्या जनगणनेनुसार जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ४२ लाख आणि धुळ्याची सुमारे २० लाख. दोन्ही जिल्हे नकाशावर एकाच रंगाने रंगविले, तर डोळ्यांना क्षेत्रफळ दिसते, त्यामागची माणसे दिसत नाहीत.

५.३ जे सर्वांचे झाले

वैशिष्ट्याच्या नकाशाचा एक परिणाम खानदेशच्या अभ्यासकाला अस्वस्थ करणारा आहे. त्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही, म्हणून त्याचा स्वतंत्र विचार करू.

बहिणाबाई चौधरी (१८८० ते १९५१) यांचा जन्म जळगावजवळच्या आसोदे या गावचा. शेतात आणि जात्यावर काम करताना त्यांनी रचलेल्या ओव्या घरच्यांनी टिपून ठेवल्या. त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ मध्ये पुत्र सोपानदेव चौधरी यांच्या प्रयत्नाने आणि आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' हा संग्रह प्रसिद्ध झाला. १९६१ च्या 'मानिनी' या चित्रपटात त्यांतील रचना आल्या. पुढे आकाशवाणी, पाठ्यपुस्तके आणि ध्वनिमुद्रिका यांच्याद्वारे त्या महाराष्ट्रभर पोहोचल्या. आज ही गाणी कोल्हापुरातही ऐकली जातात आणि नागपुरातही.

आता वैशिष्ट्याचा भागाकार करून पाहा. जळगावात बहिणाबाई पुष्कळ ऐकल्या जात असतील, पण राज्यातही पुष्कळ ऐकल्या जातात. भागाकार एकाच्या आसपास येईल आणि जळगावच्या नकाशावरून बहिणाबाईंचे नाव पुसले जाईल. प्रदेशाने जे सर्वांना दिले, ते त्या प्रदेशाच्या खात्यावर राहत नाही. उलट जे प्रदेशाबाहेर पोहोचलेच नाही, तेच त्याचे 'वैशिष्ट्य' ठरते. गेल्या दशकातील अहिराणी चित्रफितींच्या गाण्यांचेही असेच होऊ लागले आहे. 'हाई झुमकावाली पोर' हे गाणे खानदेशाबाहेरील वरातींतही वाजले. ते जितके बाहेर वाजेल, तितके खानदेशचे 'विशेष' म्हणून नकाशावर फिके पडेल. फिका रंग पाहून 'अहिराणी मागे पडली' असा निष्कर्ष कोणी काढला, तर तो वस्तुस्थितीच्या नेमका उलट ठरेल.

यावर एक उपाय भाषानकाशांनी पूर्वीच दाखविलेला आहे. फ्रान्सच्या संग्रहात एका शब्दाला एक नकाशा आहे. सर्व शब्द एकाच पानावर कोंबलेले नाहीत. न्यूयॉर्क टाइम्सने २०१७ मध्ये यूट्यूबवरील आकड्यांच्या आधारे अमेरिकेतील आवडीचे पन्नास नकाशे प्रसिद्ध केले, तेव्हा तेही एका कलावंताला एक नकाशा या रीतीने. अशा नकाशात एक गाणे कोठे दाट, कोठे विरळ आणि कोठवर पोहोचले, हे दिसते. 'एक जिल्हा, एक रंग, एक नाव' या आकर्षक नकाशापेक्षा ही रीत माझ्या मते कितीतरी प्रामाणिक आहे.

५.४ नावाची रेषा आणि गाण्याची रेषा

आता फोनवरील गाणी बाजूला ठेवून मुलींच्या गाण्यांकडे वळू. पावसाळा सरताना महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत मुली एकत्र येऊन फेर धरतात किंवा मूर्तीपुढे बसून गाणी म्हणतात. पुण्याकडे त्याला भोंडला म्हणतात, दक्षिणेकडे हादगा. विदर्भात आणि जळगावच्या पूर्व भागात भुलाबाई. पश्चिम खानदेशात गुलाबाई. भोंडल्यात पाटावर हत्ती काढून त्याभोवती फेर धरतात आणि तो आश्विनाच्या आरंभी सुरू होतो. हादग्याचा संबंध हस्त नक्षत्राशी जोडलेला आहे. भुलाबाई मात्र भाद्रपद पौर्णिमेला बसते ती कोजागरीपर्यंत, म्हणजे महिनाभर. तिची मातीची मूर्ती असते आणि गाण्यांना टिपऱ्यांची साथ असते.

या चार नावांचा नकाशा काढला, तर महाराष्ट्राचे चार तुकडे पडतील. पण गाणी तपासली तर काय दिसते? सासू सुनेला माहेरी जाऊ देण्यापूर्वी एकामागून एक अटी घालते, असे कारल्याच्या वेलाचे गाणे भोंडल्यातही आहे आणि भुलाबाईतही. शेवटी झाकलेली खिरापत ओळखण्याचा खेळ दोन्हींकडे आहे. म्हणजे नावाची रेषा एका ठिकाणाहून जाते, विधीची दुसऱ्या ठिकाणाहून आणि गाण्याची तिसऱ्याच. बोलीविज्ञानात एकाच रूपाची व्याप्ती दाखविणाऱ्या रेषेला समभाषारेषा म्हणतात, हे तुम्ही शिकला आहात. अनेक समभाषारेषा एकाच ठिकाणी एकत्र आल्या तरच तेथे बोलीची सीमा मानावी, एका रेषेवरून मानू नये, हा तेथील नियम गाण्यांनाही तंतोतंत लागू पडतो.

गुलाबाई आणि भुलाबाई यांची रेषा जळगाव जिल्ह्याच्या पोटातून जाते, ही गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. जिल्ह्याची भाषिक दुभागणीही साधारण तेथेच आहे. पश्चिमेकडील अमळनेर, पारोळा, एरंडोल, भडगाव, चाळीसगाव या तालुक्यांत 'आहे' या अर्थी 'शे' म्हणणारी अहिराणी; पूर्वेकडील भुसावळ, यावल, रावेर या भागांत लेवा गणबोली किंवा तावडी, जिथे 'आहे'चीच रूपे आढळतात. बहिणाबाईंची भाषा या पूर्वेकडच्या बोलीची. त्यांना सरसकट 'अहिराणी कवयित्री' म्हणणारे लेख आजही वाचावयास मिळतात. जिल्हा हा एकच रंगाचा चौकोन मानण्याच्या सवयीचे ते फळ आहे.

जिल्ह्यांच्या सीमा प्रशासनाच्या सोयीने आखल्या जातात. मूळचा एक खानदेश जिल्हा १९०६ मध्ये पूर्व व पश्चिम असा विभागला गेला आणि जळगाव व धुळे ही त्यांची मुख्य ठिकाणे झाली. धुळ्यातून नंदुरबार १ जुलै १९९८ रोजी वेगळा निघाला. त्या दिवशी कोणाची बोली बदलली नाही, कोणाचे गाणे बदलले नाही. पण पुढच्या प्रत्येक नकाशात 'धुळे' या शब्दाचा अर्थ बदलला. धुळे जिल्ह्याच्या जुन्या व नव्या आकड्यांची तुलना करताना हे विसरले, की आदिवासी गाण्यांची 'घट' झाल्याचा भास होतो. दुसऱ्या बाजूला, नाशिक जिल्ह्यातील बागलाण, मालेगाव, कळवण हा अहिराणीचा जुना मुलूख खानदेशच्या जिल्हानिहाय नकाशात येतच नाही. आणि आजच्या धुळे जिल्ह्यातही साक्रीच्या पश्चिम पट्ट्यात डोंगऱ्या देवाच्या उत्सवात पावरी वाजते, तर शिरपूरच्या उत्तरेस पावरा समाजाची गाणी वेगळ्याच भाषेत असतात.

५.५ कोरी जागा

काही वर्षांपूर्वी आमच्या एका विद्यार्थिनीने प्रकल्पासाठी धुळे तालुक्यातील एका गावी जाऊन घरोघरी गाण्यांची नोंद केली. एका वृद्ध बाईंच्या नावापुढे तिने 'गाणी येत नाहीत' असे लिहून आणले. मी त्या बाईंना ओळखत होतो. कानबाईची रात्र त्यांच्या आवाजावर उभी राहत असे. पुढे आम्ही दोघे त्यांच्याकडे गेलो, तेव्हा उलगडा झाला. नोंद चैत्रातली होती. कानबाई बसते श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी; रात्रभर गाणी होतात आणि सोमवारी विसर्जन. देवी बसलेली नसताना तिची गाणी म्हणावयाची नसतात, असे त्या बाईंचे मत होते. त्यांनी नकार दिला होता आणि आमच्या तक्त्यात त्या नकाराचे 'नाही' झाले. दोष त्या मुलीचा नव्हता. तक्त्यात 'येत नाहीत', 'आता म्हणणार नाही' आणि 'विचारलेच नाही' यांसाठी वेगवेगळे रकाने मी ठेवले नव्हते.

यंत्राने घेतलेल्या नोंदींतही हीच चूक होते, फक्त ती मोठ्या प्रमाणावर होते आणि तिच्याकडे परत जाऊन विचारण्याची सोय नसते. कानबाईची रात्र, आखाजीला माहेरी आलेल्या मुलींची झोक्यावरची गाणी, रात्र-रात्र चालणारे वही गायन यांची मोजणी कोणत्याही फोनमध्ये होत नाही. वरातीत एकदा वाजलेले गाणे पाचशे माणसे ऐकतात. यंत्र ते एकदाच मोजते. शिवाय गाणे फोनवर चढविणाऱ्याने भाषेच्या रकान्यात 'मराठी' किंवा 'हिंदी' लिहिले, की अहिराणीची नोंद तेथेच संपते.

भाषेच्या शासकीय मोजणीतही नोंदीचा हा प्रभाव दिसतो. जनगणनेत अहिराणी ही 'खानदेशी' या शीर्षकाखाली, मराठीहून वेगळी गणली जाते. १९९१ मध्ये खानदेशी भाषकांची संख्या सुमारे ९ लाख ७४ हजार होती; २००१ मध्ये ती सुमारे २० लाख ७५ हजार झाली; २०११ मध्ये पुन्हा सुमारे १८ लाख ६० हजारांवर आली. दहा वर्षांत भाषक दुपटीहून अधिक व्हावेत आणि नंतर दोन लाखांनी घटावेत, असे जन्म-मृत्यूंच्या हिशोबाने घडत नाही. बोलणारे साधारण तेच होते, 'मातृभाषा कोणती?' या प्रश्नाला दिलेले किंवा लिहिलेले उत्तर बदलले. घरात अहिराणी बोलणारी माणसे पाहुण्यासमोर 'मराठी' सांगतात, हे तुम्ही स्वतः पाहिलेले असेल. ग्रिअर्सन यांच्या भाषासर्वेक्षणात तर खानदेशी मराठीच्या खंडात नाही. १९०७ च्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात ती भिल्ली बोलींसमवेत ठेवलेली आहे. वर्गीकरण कोणते योग्य, ही चर्चा पुढील घटकात येईल. येथे एवढेच पाहा की, रकाना कोणी ठरविला यावर आकडा अवलंबून राहतो, आणि पाठ्यपुस्तकात कोणती बोली घ्यावी, कोणत्या लोककलेला साहाय्य द्यावे, असे निर्णय त्या आकड्याकडे बोट दाखवून घेतले जाऊ शकतात.

५.६ गाणे कोठे ऐकले जाते

एक मुद्दा थोडक्यात. फोनवरील नोंद ऐकणाऱ्याचे ठिकाण सांगते, त्याचे मूळ गाव सांगत नाही. सुरत ते भुसावळ या ताप्तीकाठच्या लोहमार्गाने खानदेशातील असंख्य कुटुंबे कामासाठी सुरतेस गेली. तेथील उधना, लिंबायत या भागांत अहिराणी सहज कानी पडते. त्यामुळे अहिराणी गाण्याचा नकाशा काढताना तो महाराष्ट्राच्या सीमेवर थांबविला, तर त्या गाण्याचा मोठा श्रोतृवर्ग कापला जाईल. तोच नकाशा गुजरातपुरता काढला, तर सुरत 'अहिराणी आवडणारे शहर' म्हणून झळकेल आणि तेथील मूळ गुजराती रहिवासी बुचकळ्यात पडतील.

५.७ स्वाध्याय

१. वर्तमानपत्रात किंवा फोनवर पाहिलेला आवडीनिवडींचा कोणताही एक नकाशा निवडा. तो बहुसंख्येचा आहे की वैशिष्ट्याचा, हे कशावरून ठरविले ते पाच-सहा वाक्यांत लिहा. एकूण नोंदी किती, हे त्यावर सांगितले आहे काय?

२. ५.२ मधील कल्पित आकड्यांत राज्यातील अहिराणीचे प्रमाण दर हजारी ८ ऐवजी ४० धरा आणि वैशिष्ट्याचा भागाकार पुन्हा काढा. जळगावात काहीही बदललेले नसताना नकाशा का बदलला, ते स्पष्ट करा.

३. आपल्या गावातील तीन पिढ्यांतील तीन स्त्रियांना विचारून भुलाबाई, गुलाबाई, भोंडला, हादगा यांपैकी कोणते नाव वापरले जाते ते नोंदवा. सून म्हणून आलेल्या स्त्रीच्या बाबतीत माहेरचे गाव अवश्य लिहा. नाव आणि गाणी यांच्या नोंदी वेगवेगळ्या ठेवा.

४. ५.५ मध्ये वर्णिलेल्या तक्त्यात कोणते रकाने असावयास हवे होते? सुधारित तक्ता तयार करा. तो घेऊन एखाद्या घरी जाण्यापूर्वी महिना कोणता चालू आहे, ते पंचांगात पाहून घ्या.